मागच्या सीटखालचा पंप

"हा पंप कुणाचा?"

"गाडीचा."

"थट्टा नको. बसवला कुणी?"

"नीट बसलाय ना? मग कुणी बसवला ते कशाला हवंय!"

मिस्त्री स्वतःच्याच गॅरेजमध्ये, स्वतःच्याच बायकोच्या गाडीत, गुडघ्यांवर ओणवा झाला होता. मागची सीट काढून त्याने भिंतीला टेकवली होती. सीटखालचं गोल झाकण उघडलं, तर आत पेट्रोल ओढणारा एकोणीस वर्षांचा मळकट पंप असायला हवा होता. होता तो पांढराशुभ्र, कालपरवा बसवल्यासारखा. आणि मिस्त्रीच्या डाव्या हातात दुसरा कोरा पंप, खोक्यासकट. आज सकाळी बायको कामावर निघायच्या आत हा बसवायचा आणि काही न बोलता किल्ली तिच्या हातात ठेवायची, असा बेत त्याने रात्रभर घोळवला होता. पण ती आधीच दारात येऊन उभी होती.

"ही पाइपची क्लिप बघ," तो म्हणाला. "माझ्या क्लिपचा स्क्रू कायम डावीकडे असतो. हा उजवीकडे आहे. असं उलटं आवळणारा डावखुरा माणूस मला एकच माहीत आहे."

"भावजी डावखुरे आहेत, त्यात त्यांचा काय दोष?"

म्हणजे साडूच! बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, पुलापलीकडच्या गॅरेजचा मालक. मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोच्या पर्समध्ये परक्या माणसाचं पत्र सापडावं, तसा तो त्या क्लिपकडे बघत राहिला.

बाजारात त्याला 'कानवाले मिस्त्री' म्हणत. गाडी फाटकातून आत येताना तो हातातला चहा खाली ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "पंप रडतोय." गिऱ्हाइकांना तो दम भरायचा तोही कसा! "काटा लाल खुणेवर आणून ठेवता? अहो, पंप टाकीत बसतो, पेट्रोलच त्याला गार ठेवतं. टाकी पाव भरलेली नसेल तर तो तापून मरेल नाहीतर काय! मागून गुणगुण वाढली, चढावर गाडीने गचके खाल्ले, गरम झाल्यावर परत सुरू व्हायला कुरकुर केली, की समजा त्याने निरोप धाडलाय. आणि फिल्टर बदला, घाणीतून ओढून ओढून त्याचा जीव जातो." ऐकणारे माना डोलवायचे. साडूला मात्र यंत्र लावल्याशिवाय काही कळत नाही, हे मिस्त्री दर लग्नकार्यात चारचौघांत ऐकवून यायचा.

"तीन आठवडे सांगत होते मी," बायको म्हणाली. ती घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची आणि बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पोचवायची. डबा आत्ताही तिच्या पायाशी होता. "चढावर गचके खाते म्हटलं, तुम्ही म्हणालात उद्या. मागून आवाज येतो म्हटलं, तुम्ही म्हणालात रेडिओ लाव. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!"

"पंप आणला होता मी तेव्हाच!"

"आणला होता. फळीवर दोन दिवस बघितलाय मी. मग औषधवाल्यांच्या गाडीत गेला."

"त्यांची गाडी अडली होती."

"माझी पुलाच्या चढावर बंद पडली. अकरा जणांचं रक्त डब्यात आणि मागे भोंग्यांचा गोंधळ. पूल उतरल्यावर पहिलं गॅरेज कुणाचं? चार जणांनी ढकलत नेली."

"मला फोन करायचास."

"केला. तुम्ही कुणाची तरी गाडी ऐकत होतात."

मिस्त्रीने मान खाली घातली, पण आतली धग काही खाली बसेना. त्याने बॉनेट उघडून पेट्रोलच्या दाबाचं मीटर जोडलं. हे मीटर त्याने साडूची टर उडवायला आणलं होतं, आणि मग गुपचूप ठेवून घेतलं होतं. बायकोला एकदा किल्ली फिरवायला लावली. काटा जिथे हवा तिथे गेला आणि किल्ली बंद केल्यावरही ढळला नाही. बोट ठेवायला जागा नाही! एखादी वायर लोंबती सोडली असती मेल्याने, तर जीव थंडावला असता.

"त्याने विचारलं असेल, घरचा मिस्त्री काय करतो?"

"नाही. म्हणाले, त्याला सांगू नका, त्याला वाईट वाटेल."

"कीव केली माझी?"

"मी म्हटलं, वाईट वाटायला आधी त्यांना माझ्या गाडीपाशी यावं लागेल."

हे मात्र वर्मी लागलं. मिस्त्रीने खोकं टराटरा फाडलं. "काढतो तो. हा बसवतो. माझ्या घरच्या गाडीत माझाच पंप राहील."

"हात लावू नका! पावणेसातला पहिलं घर आहे माझं. आजोबा उपाशीपोटी वाट बघत असतील."

उचललेला पाना हवेतच राहिला. मग त्याने तो खाली ठेवला, मीटर काढलं, झाकण बसवलं आणि सीट जागेवर दाबली. बायको डबा शेजारी ठेवून पुढे बसली. किल्ली मात्र तिने पूर्ण फिरवली नाही. अर्ध्यावर थांबली. मागून दोन सेकंद बारीक, एकसारखी गुणगुण आली आणि थांबली.

"परवापासून रोज हा आवाज ऐकतेय," ती काच खाली करून म्हणाली. तिचा सूर उतरला होता. "भावजींचं मीटर म्हणतं ठीक आहे. पण माझा त्या काट्यावर विश्वास बसत नाही. तुम्ही सांगा. जाऊ ना मी पुलावरून? बरोबर आहे ना?"

तिने परत किल्ली फिरवली. मिस्त्रीचे डोळे आपोआप मिटले. कुठे खरखर नाही, दम लागणं नाही. अठरा वर्षांच्या धंद्यात इतका स्वच्छ बसवलेला पंप त्याने क्वचित ऐकला होता, आणि तो त्याच्या हातचा नव्हता. 'जरासा जड वाटतो' एवढं म्हटलं की पुरे. ती गाडी इथेच ठेवेल, रिक्षाने जाईल, आणि संध्याकाळपर्यंत उजवीकडची ती क्लिप कचऱ्यात. शब्द अगदी जिभेवर आले.

त्याने डोळे उघडले. ती बघत होती, आजवर त्याच्या गिऱ्हाइकांनी बघितलं तशी.

"अहो, सांगा ना. बरोबर आहे?"

मिस्त्रीने कोऱ्या पंपासकट फाटकं खोकं काखेत मारलं, फाटक सताड उघडून दिलं, पुलाच्या दिशेने हात केला आणि वळून न बघता रस्त्याला लागला.