शिट्टीचा खर्च

कचेरीत पाठीमागे सगळे त्याला शंकासुर म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं. चहात साखर जास्त पडली तरी त्याला वाटे, कुणाचं तरी काम अडलंय. साथ ओसरल्यावर मदतनिधीचे दावे तपासायला अशाच माणसाला बसवलं, हे एका परीने बरंच झालं म्हणायचं. साथीच्या नावाखाली एका दवाखान्याने एसी बसवून घेतले होते, दुसऱ्याने रंगरंगोटी उरकली होती. ते दावे त्याने हातोहात परतवले. मास्क, ऑक्सिजन, तपासण्या, खाटा एवढं निधीत बसत होतं. बाकीच्यांनी पुरावा द्यायचा.

एक दावा मात्र त्याच्या डोक्यात गेला. एका आरोग्य केंद्राने एका निवृत्त कंडक्टरबाईंना रोज सकाळी गल्लीतून शिट्टी वाजवत फिरायला नेमलं होतं. घरात एकट्या अडकलेल्या म्हाताऱ्यांनी शिट्टी ऐकून खिडकीतून हात दाखवायचा. हात दिसला नाही तर नर्सने धाव घ्यायची. बाईंचा मेहनताना अजून रखडलेलाच होता. निधीतून आला तरच मिळायचा.

"शिट्टी वाजवायचे पैसे? कुणाची तरी मेहुणी असणार," तो म्हणाला.

त्यात ती गल्ली त्याच्या वडिलांची. साथीत तो त्यांना रोज फोन करायचा, आणि त्यांनी शिट्टीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. चोरी सापडल्याच्या खुशीत तो तिथे पोचला. सरकारी माणूस म्हटल्यावर दारं अर्धीच उघडली. "आपल्याला काही माहीत नाही बुवा," एवढंच जो तो सांगे. त्याची जवळजवळ खात्रीच पटली.

वडील खिडकीपाशी बसले होते.

"बाबा, इथे कधी शिट्टी वाजायची का हो?"

"वाजायची की. मी हात दाखवायचो. एकदा न्हाणीघरात पडलो, उठताच येईना. हात दिसला नाही म्हणून बाईंनी नर्सला पाठवलं. दार फोडावं लागलं. कडी नवीन आहे ती."

सवयीने त्याची नजर कडीकडे गेलीच. त्याला स्वतःची शिसारी आली.

"मला का नाही सांगितलंत?"

"आत्ता कडीकडे बघितलंस ना? म्हणून नाही सांगितलं."

नात्यातल्या माणसाचा संबंध आला की फाइल दुसऱ्याकडे द्यायची, हा नियम त्यानेच भांडून करून घेतला होता. फाइल त्याच्या हाताखाली तयार झालेल्या तपासनीस मॅडमकडे गेली. तो प्रथमच कुणाची तरी बाजू घेऊन समोरच्या खुर्चीत बसला.

"नर्स केंद्राचीच, म्हणजे दावा करणाऱ्यांतलीच," मॅडम म्हणाल्या. "कडी काय, कुणीही बदलतं. उरला साक्षीदार एकच, तेही तुमचे वडील. आणि सर, एवढी मोठी गोष्ट त्यांनी इतके दिवस मुलाला सांगितली नाही? का बरं?"

उत्तर त्याला तोंडपाठ होतं, पण ते त्याच्याने सांगवेना. मॅडमनी दावा नामंजूर केला. कंडक्टरबाईंना तसं कळवायचं काम त्याने स्वतःकडे मागून घेतलं.