टेपमधला चहा

आज मुलाच्या नव्या घरात गालिच्याच्या गोंदाचा वास आला आणि मला गुडगावचं ते ऑफिस आठवलं. ते तेव्हा नुकतंच उघडलं होतं, काचेबाहेर अजून मोहरीची शेतं होती. मी तिथं चहा द्यायची.

एखादं काम संपलं की साहेब लोक आपल्या चुका टेपवर बोलून ठेवायचे, म्हणजे पुढच्यांना त्या टाळता येतील. त्या दुपारी नवे मेहरासाहेब एकटेच त्यांच्या जागी आधी असलेल्या जोशीसाहेबांची टेप ऐकत होते. मी ट्रे घेऊन आत गेले, तेवढ्यात टेपमधून जोशीसाहेब म्हणाले, "ताई, चहा इथं ठेवा."

माझा हात आपोआप पुढे गेला. मग टेपमधून माझाच आवाज आला, "साहेब, छातीत दुखतंय का?"

"काही नाही हो. एवढं काम आटपू दे."

ती टेप भरली त्याच संध्याकाळी जोशीसाहेब वारले होते.

बाकी टेप इंग्रजीत होती, पण माझ्याशी जोशीसाहेब मराठीतच बोलायचे आणि मेहरासाहेबांना मराठी येत नव्हती. "ये क्या बोल रहे हैं?" त्यांनी विचारलं. त्यांचाही हात छाती चोळत होता, अगदी त्या दिवशीच्या जोशीसाहेबांसारखाच.

जोशीसाहेब सोडले तर मी कधी साहेबांसमोर मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, "साहब, बोल रहे हैं, अभी डॉक्टर के पास जाओ."

मेहरासाहेब उठले, गेले आणि वाचले.

टेपवर तसं काहीच नव्हतं. पण आता आठवतं तेव्हा ते वाक्य मला जोशीसाहेबांच्याच आवाजात ऐकू येतं.