खंडेनवमीची खुर्ची

"ऊठ बाळ. कसा उठतोस ते दाखव सगळ्यांना."

साहेब माईकवर बोलले. समोर अख्खी कंपनी बसलेली. कामगार, त्यांच्या बायका, पोरं, पुढच्या रांगेत साहेबांचे पाहुणे. सतरंजीच्या मधोमध माझा दिनू, नऊ वर्षांचा. त्याच्यापुढं नवी कोरी चाकाची खुर्ची. तिला झेंडूचा हार.

दिनूनं माझ्याकडं बघितलं.

मी बीडकडचा. सातवीतनं शाळा सुटली आणि पोटासाठी पिंपरीला आलो. दापोडीत चाळीची एक खोली. मला टेम्पररीचा पर्मनंट केला तो ह्याच साहेबांनी. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली तीही त्यांनीच. त्यांच्या केबिनपुढून जाताना माझी मान आपोआप खाली जायची. नोकरी गेली तर गावाला काय तोंड घेऊन जायचं, ही धाकधूक जेवणाच्या डब्यासारखी रोज बरोबर.

दवाखान्यात सांगितलं होतं, ह्याचे स्नायू झिजत जाणार. औषध नाही. पोटऱ्या तेवढ्या जाडजूड. चाळीतले लोक त्याला पैलवान म्हणायचे. आधी आम्हीही हसायचो. मग तो पडायला लागला. खालून उठायचं तर हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. शाळेतल्या पोरांनी त्याचा खेळ केला. मधल्या सुट्टीत सगळी तशीच उठायची आणि खिदळायची. त्या दिवशी घरी येऊन तो म्हणाला, "मी उठताना कुणी बघू नका."

तेव्हापासून आमच्या खोलीत नियम. दिनू उठायला लागला की मी भिंतीकडं तोंड करायचो, त्याची आई स्टोव्हकडं. त्याची धाकटी बहीण डोळ्यांवर हात घ्यायची. तो "हां" म्हणाला की वळायचं. लोक येत. कुणी डॉक्टर सांगे, कुणी अंगारा, कुणी तेल. त्याला काय हवंय, हे कुणी विचारलं नाही. त्याला एवढंच हवं होतं. आम्हाला तेवढंच देता येत होतं.

खंडेनवमीला कंपनी घरच्यांना आत सोडायची. मशीन पुसून लख्ख. हळदकुंकू, हार. त्या दिवशी मशीन कुणी चालवायचं नाही. सकाळी एका पोरानं लेथच्या बटणाला बोट लावलं, तर साहेबांनीच त्याचा हात धरला. "अरे, आज नाही. वर्षभर राबते ती. आज तिचा मान."

खुर्ची मिळणार हे आमच्या शेडच्या मिस्त्रीनं आधीच सांगितलेलं. ऐकून मी रडलो होतो. दिनूला शाळेत पाठीवर न्यायचो, आणि तो जड होत चालला होता. खुर्ची नसेल तर शाळा सुटणार, माझ्यासारखी. पण उठून दाखवावं लागेल, हे कुणी बोललं नव्हतं.

"लाजू नको," साहेबांच्या बाई म्हणाल्या. "पाहुण्यांना कळायला नको का, तुला किती त्रास होतो ते?"

फोटोवाला पुढं येऊन बसला. मागनं मिस्त्री कुजबुजला, "उठीव की राव. दोन मिन्टाचं काम. खुर्ची हाय समोर."

दिनूची आई बायकांत बसली होती. तिनं सगळ्यांदेखत भिंतीकडं तोंड फिरवलं. धाकटीनं डोळ्यांवर हात घेतले. एवढ्या माणसांत ह्या दोघीच.

दिनूनं हात गुडघ्यावर ठेवला.

मी सतरंजीवर गेलो. त्याचा हात काढून माझ्या हातात घेतला.

"साहेब, आज मशीन चालवत न्हाईत."

"काय?"

"तुम्हीच म्हणालात सकाळी. आज तिचा मान. माझं पोरगंबी उठून दाखवणार न्हाई."

माईक चालूच होता. "उपकाराची जाण नाही तुम्हा लोकांना!" साहेबांचं बोलणं अख्ख्या शेडमध्ये घुमलं.

जाण होती. म्हणूनच तर आजवर त्यांच्यापुढं मान वर केली नव्हती. दिनूला पाठीवर घेतलं आणि गेटकडं निघालो. "माज आलाय," कुणीतरी म्हणालं.

रस्त्यावर दिनू कानाशी म्हणाला, "बाबा, खुर्ची?"

"न्हाई मिळायची."

त्यानं माझ्या गळ्याभोवतीचे हात सैल केले. "पाठ दुखती का?"

"दुखती." खोटं कशाला बोलू.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर साहेबांपुढं उभा राहिलो. मान खालीच. पण बोललो. "साहेब, उपकार माझ्यावर हायेत. मला राबवा. खुर्ची द्यायची असंल तर घरी या, अन् त्याला इचारा. मला नका इचारू."

ते आले नाहीत. खुर्ची स्टोअरमध्ये पडून राहिली, वाळल्या हारासकट. मला कायमची रात्रपाळी लागली. दिनूची शाळा पाठीवर चालली तेवढी चालली. मग सुटली.

आता त्याला उठता येत नाही. कुशीवर वळायलाही हाक मारतो. नियम तोच आहे. आधी दार लावायचं, त्याला विचारायचं, तो "हां" म्हणाला की मगच हात लावायचा. उद्या आणखी कुणी साहेब येईल, हातात काहीतरी घेऊन. येऊ दे. त्यानं उंबऱ्याबाहेर थांबायचं. दिनू "हां" म्हणाला तर आत यायचं. नाही म्हणाला, तर दारात मी उभा आहे.