पुरावा मागणारे सर

“पुरावा दाव बे!” म्हणत सर माझ्या काउंटरवर अशी थाप हाणायचे की दुरुस्तीला आलेले मोबाइल उडायचे. धारूरच्या स्टँडवर माझं दुकान. सर कॉलेजात तासिकेवर शिकवायचे आणि उरलेला वेळ माझ्याकडं बसून इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात घालायचे. तिथं कुणीही लिहावं, कुणीही खोडावं, पगार कुणालाच नाही. टोपणनावानं त्यांनी तालुक्यातल्या गावागावांची पानं लिहिली होती.

असले हट्टी लोक तुम्हीही पाहिले असतील. इथल्या किल्ल्यात भुयार आहे, माझ्या आज्यानं बघितलंय, असं मी एकदा म्हणालो. “आज्यानं कुठं छापून आणलं का? मग गप बस!”

भांडण पेटलं ते एका ओळीवरून. खाणीतल्या सुरुंगांना आडवा आला म्हणून एका मेंढपाळाला खाणवाल्यानं लोखंडी पाइपानं ठेचून मारलं होतं. खाणवाल्याला जन्मठेप झाली. सरांनी मेंढपाळाच्या गावाच्या पानावर तेवढीच ओळ लिहिली, खाली निकालाचा दाखला दिला. अपील करून खाणवाला जामिनावर सुटला आणि ओळ रोज गायब व्हायला लागली. सर रोज परत लिहायचे. मेंढपाळाची आई बाजाराला आली की दुकानात डोकवायची. “लेकाचं नाव हाय का रं अजून?” तिला वाचता येत नव्हतं. सर मोबाइल पुढं धरायचे, ती काचेवर बोट ठेवायची.

तेवढ्यात नव्या माध्यम कायद्याचा मसुदा आला. असल्या साइटवर लिहिणाऱ्यानं खरं नाव-पत्ता नोंदवायचा, तक्रार आली की मजकूर आधी काढायचा. सर भडकले. ज्ञानकोशाच्या चर्चापानावर त्यांनी लिहिलं, नावं उघडी पडली तर खेड्यातले आम्ही मरू. खाली कुणीतरी विचारलं, “पुरावा?”

झालं! सरांनी सगळं लिहून टाकलं. धारूर, कॉलेज, ती ओळ, आलेल्या धमक्या.

“सर, डोकं फिरलं का तुमचं? पुसा ते!” मी ओरडलो.

“पुराव्याबिगर मी कवाच बोललो न्हाई बे.”

दुसऱ्याच दिवशी खाणीवरचे चौघं आले. सरांना दुकानातून ओढलं, हात पायरीवर दाबून बोटं ठेचली. “लिही आता!” मी मध्ये पडलो, माझे पुढचे दात गेले. मग पाइप सरांच्या डोक्यात बसला. अख्खं स्टँड बघत होतं. एक हरामखोर पुढं आला नाही.

अंबाजोगाईच्या वाटेवर सरांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. “तू... बघितलंस न्हवं?” एवढंच म्हणाले. दवाखाना यायच्या आधीच गेले.

मेंढपाळाची ओळ मी परत लिहिली. म्हातारीनं बोट ठेवलं आणि ढसाढसा रडली. खाली सरांची ओळ घातली, खाणवाल्याच्या माणसांनी मारलं म्हणून. ती दुसऱ्या एका स्वयंसेवकानं काढली. पेपरात ‘अज्ञातांची मारहाण’ एवढंच आलं होतं, मग दाखला कुठला देणार? त्याचा मला राग नाही, सरांनीही काढलीच असती.

स्टँडवरच्या कुणालाच आता काही आठवत नाही. सरांच्या खुनाच्या खटल्यात सोमवारी कोर्टात माझी साक्ष आहे. मी जाणार आहे, आणि खरं नाव, खरा पत्ता सांगून बोलणार आहे. मी बघितलंय.