सुभेदारांची उघडी तक्रार

सुभेदार खोत आमच्या काउंटरला कधी टेकून उभे राहिले नाहीत. बाकीची गिऱ्हाइकं काचेवर कोपर टेकतात, पिशव्या ठेवतात, हेल्मेट ठेवतात. सुभेदार टाचा जुळवून उभे राहायचे, खिशातून घडी घातलेला कागद काढायचे आणि म्हणायचे, "रिपोर्ट हाय. लिहून घ्या." मग घड्याळ कधी घेतलं, कधी बिघडलं, बिघाड काय, बघितला कुणी, सगळं ओळीनं वाचून दाखवायचे. नुसतं तोंडी सांगा म्हटलं की मान हलवायचे. तोंडी गेलेलं वाऱ्यावर जातं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. पुढे पुढे वैताग यायला लागला.

सांगलीत माझं मोबाइलचं दुकान आहे आणि एका कंपनीच्या स्मार्ट घड्याळांचं तक्रार केंद्रही माझ्याकडेच आहे. केंद्र म्हणजे काय, तर एक संगणक, एक ड्रॉवर आणि दिवसभर लोकांच्या शिव्या. मनगटावर बांधायची, पावलं मोजणारी, नाडीचे ठोके दाखवणारी ती घड्याळं. बिघडलेलं घड्याळ मी घ्यायचं, साताऱ्याच्या मोठ्या केंद्राला पाठवायचं, तिथून वॉरंटीत बदलून दुसरं आलं की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. मग त्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो आकडा त्यानं सांगितला आणि मी संगणकात घातला की तक्रार बंद. तक्रार फार दिवस उघडी राहिली तर वरून मला फोन येतो आणि केंद्राचे गुण कापले जातात. म्हणून आम्ही केंद्रवाले माल यायच्या आधीच "काका, एक नंबर आलाय बघा, सांगा जरा" करून तक्रार मिटवून टाकतो. सगळेच करतात. यात कुणाचं काय जातंय, असं मला वाटायचं.

सुभेदारांचं गाव कवठे महांकाळच्या बाजूला. उभी नोकरी सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे यंत्रांवरच गेली. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि त्यांची बायको नीलव्वा. नीलव्वांचं माहेर जतच्या पलीकडे, पार हद्दीवर, त्यामुळे रागावल्या की त्या कानडीत रागवायच्या आणि सुभेदार "समजलं न्हाई, परत बोल" म्हणून त्यांना आणखी चिडवायचे. नीलव्वांना एकदा हृदयाचा झटका येऊन गेला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नाडीवर लक्ष ठेवा, ठोके फार कमी किंवा फार जास्त झाले तर कशाचीही वाट न बघता घेऊन या. सुभेदारांनी त्याच संध्याकाळी घड्याळ घेतलं. दर दोन तासांनी आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा, ही त्यांची ड्युटी झाली.

"तीस वरसं पोरांची परेड घेतली," नीलव्वा मला एकदा म्हणाल्या, "आता माझ्या काळजाची घेत्यात."

पहिली तक्रार अशी होती की घड्याळ काढून टेबलावर ठेवलं तरी ते ठोके दाखवतं. मी म्हटलं, मग टेबलावर ठेवू नका. सुभेदार हसले नाहीत. ते म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही, बिघडलं तर ते बिघडलंय म्हणून सांगतं. हे मशीन सांगत नाही, म्हणून मला याची भीती वाटते. मी ओटीपी घेतला, तक्रार बंद केली, घड्याळ साताऱ्याला धाडलं. दहा दिवसांनी दुसरं आलं. त्यालाही तोच रोग.

दुसऱ्या खेपेला दोघं मिळून आले. सुभेदारांनी रिपोर्ट वाचला आणि पिशवीतून भरताचं एक मोठं वांगं काढलं. माझ्यासमोर त्या वांग्याला घड्याळ बांधलं. मागचा हिरवा दिवा लुकलुकला, आकडा थोडा वेळ फिरला आणि अठ्ठ्याहत्तरवर येऊन थांबला.

"वांगं जित्तं हाय म्हणतंय तुमचं घड्याळ," सुभेदार म्हणाले.

सगळं दुकान हसलं. नीलव्वा तर पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. "आवं, मग न्या त्येला मिरजंला," त्या म्हणाल्या, "डागदरास्नी दावा." शेवटी सुभेदारही हसले. मी त्या वांग्याचा फोटो काढून मित्रांना पाठवला. आज तो फोटो माझ्याकडे नाही, मी तो पुसून टाकलाय, पण डोळे मिटले की हिरवा दिवा दिसतो.

कंपनीला फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की ही ग्राहकाची पहिलीच तक्रार आहे, बदलून देऊ. खरं म्हणजे ती दुसरी होती. पण पहिली मी बंद केलेली, त्यामुळे त्यांच्या दप्तरी ती मिटलेली. एकच बिघाड दोनदा उघडा दिसला तर ते घड्याळ इंजिनिअरकडे जातं आणि गिऱ्हाइकाला वेगळ्या जातीचं घड्याळ मिळतं, असा नियम आहे. मला तो माहीत होता. तरी मी दुसऱ्या वेळीही ओटीपी मागितला. सुभेदारांनी तो एकेक अंक ठणठणीत आवाजात सांगितला. वरून आलेला हुकूम पाळावा तसा.

घड्याळ बदलून आलं त्या दिवशी दुकानात ही गर्दी. कुणाचा चार्जर, कुणाची काच, एक बाई तावातावानं भांडत होती. सुभेदार टाचा जुळवून उभे. ते म्हणाले, तपासून द्या. पिशवीत वांगं होतंच. मला त्या वांग्याचा, त्या कागदाचा, त्या टाचांचा, सगळ्याचा एकदम कंटाळा आला. साताऱ्याहून आमच्याकडे 'तपासून पास' असं छापलेल्या स्टिकरची गुंडाळी येते. मशीन तपासून मग ते लावायचं असतं. मी ड्रॉवरमधून एक काढलं, डब्यावर चिकटवलं, खाली सही ठोकली आणि डबा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, हे बघा, पास होऊन आलंय.

त्यांनी ते स्टिकर नीट वाचलं, सही बघितली आणि पिशवीतल्या वांग्याला हातही लावला नाही. शिक्का आणि सही असलेल्या कागदावर शंका घ्यायची नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय. ते म्हणाले, सही हाय म्हंजे जबाबदारी हाय, आता माझं काम नाही. मला सुटल्यासारखं झालं, आणि मी त्या बाईच्या भांडणाकडे वळलो.

त्यानंतर दीडेक महिना ते आले नाहीत. मी मनात म्हणालो, चला, एक पीडा टळली. हे शब्द मी खरंच म्हणालो होतो, म्हणून लिहितो.

मग एका सकाळी मी शटर वर करतोय तर सुभेदार बाहेर उभे. दाढी वाढलेली, डोक्यावर टोपी नाही. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? आता हे घड्याळाचे पैसे परत मागणार. ते आत आले, टाचा जुळवल्या, कागद काढला. "रिपोर्ट हाय," म्हणाले, पण पुढे "लिहून घ्या" आलं नाही. ते वाचायला लागले.

दुपारी जेवून नीलव्वा सोप्यात खाटेवर पडल्या होत्या. तीन वाजता सुभेदारांनी घड्याळ बघितलं, चौऱ्याहत्तर. वहीत लिहिलं. झोप लागलीय, उठवू नये, म्हणून अंगावर चादर घातली आणि गोठ्यात गेले. सव्वाचारला परत येऊन बघितलं, बहात्तर. तेही लिहिलं. शेजारी खुर्ची टाकून ते शेंगा फोडत बसले, आवाज होऊ नये म्हणून एकेक शेंग हळू फोडत. पाच वाजता चहाला हाक मारली. उठल्या नाहीत म्हणून हात धरला, तर हात गार. घड्याळात त्र्याहत्तर. गाडी करून मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन-अडीचलाच गेल्या असाव्यात. तेव्हा लगेच आणलं असतं तर वाचल्या असत्या का, असं सुभेदारांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते आता सांगता येत नाही. घरी आणून अंगावरचं सगळं उतरवताना घड्याळाचा पट्टा बायकांना सुटेना, तो सुभेदारांनी सोडवला. तेव्हाही आकडा चालूच होता.

इथपर्यंत त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. मग त्यांनी डबा काढून काचेवर ठेवला आणि स्टिकरवर बोट ठेवलं.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"तपासलं हुतं?"

खोटं बोलायला मला जागा होती. साताऱ्याचं नाव सांगितलं असतं तर ते साताऱ्याला गेले असते. पण माझी जीभ वळली नाही. मी म्हणालो, नाही तपासलं. आणि मग थांबता येईना म्हणून पुढचंही सांगितलं: ओटीपी घेऊन तक्रारी मीच बंद केल्या होत्या, त्या उघड्या ठेवल्या असत्या तर हे घड्याळ त्यांच्या घरी गेलंच नसतं. त्यांनी मला मारावं असं मला वाटत होतं. शिव्या तरी द्याव्यात. दोन गिऱ्हाइकं आली आणि आमच्याकडे बघून परत गेली.

मग पहिल्यांदाच त्यांनी काचेला हात टेकला. "घ्या लिहून," ते म्हणाले.

मी नवी तक्रार उघडली आणि ते सांगतील तसं लिहीत गेलो. स्टिकरचं आलं तिथं मी माझं नाव घातलं, न तपासता सही केली असं लिहिलं. ते वाकून पडद्यावर वाचत होते.

"आता माझंबी नाव घाला," ते म्हणाले.

मी म्हटलं, तुमचं कशाला, सुभेदार?

"तीन वाजता मी घड्याळ बघितलं. तिच्याकडं बघितलं न्हाई. चादर घातली तवा हात जरी लागला असता तरी कळलं असतं. वांग्यावर हसलेला माणूस मी, तरी आकडाच बघितला. घाला."

मी ते लिहिलं.

तीन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं. उत्तर म्हणजे एक डबा. आत त्याच जातीचं नवं घड्याळ आणि गैरसोयीबद्दल दिलगिरीचं छापील कार्ड. मी सुभेदारांना फोन केला तेव्हा डबा उघडून ठेवला होता आणि मला रडू येत होतं. ते आले. कार्ड वाचलं, परत जागेवर ठेवलं. एवढ्यात त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला. त्यांनी मला पडदा दाखवला नाही, मोबाइल खिशात घातला.

"ह्यो नंबर मी देनार न्हाई," ते म्हणाले. "मला काय पायजे, ते त्येंनी इचारलंच न्हाई. तवर उघडी राहू द्या."

वरून फोन आले, गुण कापले गेले, केंद्र काढून घेऊ म्हणाले. मी एवढंच म्हणालो की ग्राहकाचं समाधान झालेलं नाही. त्यानंतर सुभेदार दर महिन्याला एकदा यायचे, तक्रार उघडी आहे का विचारायचे, आणि मी आहे म्हटलं की चहासुद्धा न घेता निघून जायचे. त्यांनी मला माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि ते विचारायची माझी छाती झाली नाही. मी मात्र तेव्हापासून एकही घड्याळ न तपासता दिलेलं नाही. लोक कंटाळतात, मी त्यांना थांबवून ठेवतो.

गेल्या उन्हाळ्यात दोन महिने ते आले नाहीत. फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही असं आलं. रविवारी गाडी काढून गावी गेलो. दाराला कुलूप होतं. त्यांच्या भावकीतला एकजण समोरच्या रानातून आला आणि म्हणाला, सुभेदार वैशाखात गेले, झोपेतच. सकाळी कुणीतरी हाक मारली तेव्हा कळलं. मोबाइलचं कार्ड घरच्यांनी बंद करून टाकलं होतं.

रोज सकाळी मी संगणक चालू करतो तेव्हा पडद्यावर सगळ्यात वर लाल अक्षरांत एक ओळ येते: रामचंद्र बाबू खोत, तक्रार प्रलंबित. खाली सूचना असते की तक्रार बंद करण्यासाठी ग्राहकाकडून ओटीपी घ्यावा. मी ती ओळ पुरती वाचतो आणि मगच पहिल्या गिऱ्हाइकाला आत घेतो.