सरांविरुद्धचं पत्रक

शांतवन सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी धानोऱ्याच्या बाजारात पत्रकं वाटत होते. त्यांची मुलगी एस्तेरताई एवढंच म्हणाली, "बाबा गेले." मी तिथेच मिरचीच्या ढिगाशेजारी खाली बसले. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी हायसं वाटलं. आमचं भांडण मिटून बाराच दिवस झाले होते. ते मिटलं नसतं तर आज सरांवर दोन ओळी लिहायची माझी लायकी उरली नसती.

भांडण देवाजीवरून. देवाजी आमच्या गावच्या वनहक्क समितीचा अध्यक्ष. ग्रामसभा झालीच नव्हती, तरी ती झाली आणि गावाने खाणीला जंगल द्यायला होकार दिला, असा खोटा ठराव त्याने सही करून वर पाठवला. आम्ही तो रद्द करून घेतला, त्याला पदावरून काढलं, आणि गावाने त्याच्याकडे उठणं-बसणं बंद केलं. बंद करायला लावलं मीच, पत्रक काढून. सगळ्या गावाने ऐकलं, एकट्या शांतवन सरांनी ऐकलं नाही. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेला हा म्हातारा दर बुधवारी सायकल काढायचा आणि देवाजीच्या ओसरीवर त्याच्यासोबत जेवायचा.

मी बौद्ध मोहल्ल्यातली पोरगी. पत्रक कसं लिहायचं ते मला याच सरांनी शिकवलं होतं. "शिव्या काढ, पुरावा घाल." आणि एक नियम... ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याला वाटपाआधी स्वतः जाऊन वाचून दाखवायचं. पाठीमागून छापलं की ती चुगली, असं त्यांचं म्हणणं. देवाजीच्या वेळी मी तो नियम मोडला. गद्दाराला कसलं वाचून दाखवायचं!

मग मी सरांविरुद्धच पत्रक लिहिलं, 'गद्दाराच्या पंगतीतले गुरुजी'. या वेळी मात्र नियम पाळला, त्यांना झोंबावं म्हणून. सर खाटेवर होते, श्वास पुरत नव्हता. मी उभ्यानेच सगळं वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यातलंच एक वाक्य त्यांनी परत म्हणून दाखवलं.

"चर्चच्या छपराचे पत्रे खाणवाले देणार म्हणून मी देवाजीकडे जातो... हे कोणी सांगतलं तुले?"

मी कागदाची घडी घालायला लागले.

"कोणी सांगतलं?"

"कोणीच नाई सर. मीच लिहिलं."

"मंजे खोटं लिहिलं तू."

"हो."

"अन् देवाजीनं काय केलं होतं?"

मी उलट चिडले. "त्यानं जंगल घालवलं असतं सर! तुमाले राग नाई येत त्याचा?"

"येते ना. दर बुधवारी त्याले तोंडावर सांगतो, तू गावाशी खोटं वागला म्हणून. मंग जेवतो."

"काऊन पण?"

"सांगून उठून आलो तर तो एकटाच बसते ते खोटं घेऊन." सर बराच वेळ खोकले. "पोरी, प्रभूनं माह्या सुधरायची वाट नाई पाह्यली. होतो तसा घेतला. मी कोण लागून गेलो माणसं निवडणारा?" मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "एस्तेर, वाढ इले. भांडून भांडून भूक लागली असन."

मी जेवले. सरांनी लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली. निघताना मी पत्रक फाडून चुलीत टाकलं, तेव्हा ते हसले. "बाकीचं चांगलं लिहिलं होतं," म्हणाले.

माझा प्रभूवर विश्वास नाही, सरांनी कधी ठेवायलाही सांगितलं नाही. पण त्या दिवशी मला दारातून हाकललं असतं, तर ते बरोबरच ठरलं असतं, आणि आज मी कुठे तोंड लपवलं असतं कोण जाणे.

सर गेल्यावर, मागच्या बुधवारी, मी देवाजीकडे गेले. जुनं पत्रक, जे त्याला कधी वाचून दाखवलं नव्हतं, ते ओसरीवर बसून वाचलं. तो खाली मान घालून म्हणाला, "खरं हाये सगळं." तेवढ्यात त्याची बायको बाहेर आली, हातात दोन ताटं. मला बघून थबकली. "बुधवार हाये ना आज... हात आपोआपच दोन घेते," म्हणाली आणि परत फिरायला लागली.

"राहू द्या बाई," मी म्हणाले.

देवाजीला मी अजून माफ केलेलं नाही, आणि हे त्याला तोंडावर सांगितलं. भात मात्र दुसऱ्यांदा मागून घेतला.