दगडाखालचा किडा आणि माडीवरच्या बाई

शालिनीबाई काचीगुड्याला आमच्या माडीवरच्या खोल्या बघायला आल्या, तेव्हा नळाला पाणी कधी येतं हे त्यांनी विचारलंच नाही. मुंग्या येतात का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, "येतात की. पण मी राहू देत नाही." त्या म्हणाल्या, "माझ्या डब्यांना लागल्या तर सगळी मेहनत खाऊन टाकतील, वहिनी." डब्यांत लाडू असतील असं समजून मी खोल्या दिल्या. निघाले टाचणीला टोचलेले किडे.

बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. आता त्यांना पंचाहत्तरावं लागलं, म्हणून विद्यार्थी हा गौरवग्रंथ काढतायत. बाईंच्या अभ्यासावर शिकलेली माणसं लिहितीलच. मी चौथी पास. मला दिसलं तेवढं लिहिते.

शहराबाहेरच्या दगडांच्या टेकडीवर बाईंना एक काळा किडा सापडला होता, चिंचोक्याएवढा. पाठीवरची दोन झाकणं मधोमध जुळून गेलेली आणि खाली पंखच नाहीत. पाय नेतील तेवढंच त्याचं जग. हा किडा अजून कुणी नोंदलेला नाही, असं बाईंना वाटायचं. पण सापडत होत्या त्या सगळ्या माद्या. नराच्या पोटातला एक बारीक अवयव मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय ही जात नवी आहे असं बाई छापू देईनात. म्हणून वर्षानुवर्षं नराचा शोध चालला होता. मी एकदा म्हटलं, "लग्नाच्या वयात एवढी खटपट केली असती तर!" बाई भिंगावरून डोळा न काढता म्हणाल्या, "तेव्हा इतका चांगला कुठं मिळत होता, वहिनी?"

आमचे मालक गेल्यावर मी घरात बसून सुनेच्या चुका काढत होते. बाई म्हणाल्या, "त्यापेक्षा माझ्याबरोबर दगड उलटायला चला." कामाला माणूस हवं होतं म्हणून नेलं, असं त्या आजही सांगतात. मी मानत नाही. कामाला त्यांना कॉलेजातली पोरं पुष्कळ होती.

टेकडीवर प्लास्टिकचे गिलास काठापर्यंत मातीत पुरायचे. किडा चालता चालता आत पडतो आणि उडता येत नाही म्हणून तिथंच राहतो. आमचं ते गिलास बघत फिरणं पाहून शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "क्या गुम गया, अम्मा?"

मी म्हटलं, "कुछ नै गुमा. दूल्हा ढूंढ रैं."

"पत्थर के नीचे?"

"हौ. ऊपर के सब देख लिए."

बाई इतक्या हसल्या की खालीच बसल्या. डोळे पुसत त्यांनी शेजारचा गिलास उचलला आणि आतल्या किड्याचे पुढचे पंजे भिंगातून बघितले. पंजे रुंद होते. नर होता. मला वाटलं आता ओरडतील, नाचतील. बाई म्हणाल्या, "वहिनी, थर्मासमधला चहा काढा."

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा बाईंनी किड्याला टेकडीखालच्या गावाचं नाव दिलं. "तो तिथला आहे," म्हणाल्या, "आपण नुसते बघायला गेलो."

तपासायला लागतील तेवढेच किडे ठेवायचे, बाकीचे परत न्यायचे, हा बाईंचा नियम. एकदा एका विद्यार्थ्याने उत्साहात डबाभर जिवंत किडे आणले. मी म्हटलं, द्या सोडून कुठल्याही बागेत. बाई म्हणाल्या, "मग ते घरी कसे जातील? त्यांना उडता येत नाही." अंगात ताप होता, तरी बस बदलत टेकडीवर गेल्या आणि खडूची खूण केलेल्या त्याच दगडाखाली त्यांना सोडून आल्या. मी सोबत होते, वाटभर बडबडत होते. बाई एवढंच बोलल्या, "जिथून उचललं तिथं पोचवायचं."

मग बाई आमच्याच जिन्यावरून पडल्या. त्यांची पुण्याची भाची आली आणि बरं होईपर्यंत म्हणून घेऊन गेली. हाड कधीच जुळलं. बाई अजून तिथंच आहेत. भाची चांगली आहे, घराला लिफ्ट आहे, औषध वेळेवर मिळतं. फोनवर बाई म्हणतात, "सगळं छान आहे, वहिनी," आणि फोन ठेवतात. किड्याच्या पायावरच्या केसांबद्दल तासभर बोलणारी बाई ही.

माडीवर मी दुसरं कुणी ठेवलं नाही. डब्यांभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढत असते. गेट किरकिरतं, त्याला तेल घाल म्हणून नातवंडं मागं लागलीत. घालत नाही. स्टेशनाकडून ऑटो आली तर आत कोण शिरलं ते कळायला पाहिजे. टेकडी अर्धी फोडून तिथं इमारती आल्यात. उरलेल्या अर्ध्या भागात किडा आहे का, हे बाईंनीच बघायला हवं. मला दगड उलटता येतो, किडा ओळखता येत नाही.

ग्रंथ निघेल त्या दिवशी भाची बाईंना इथं आणणार आहे. फोनवर भाचीशी बाईंच्या परत येण्याचा विषय काढला की मी भांडते, म्हणून इथं लिहिते. बाई, तुमची नजर आहे तशी राहो, गुडघे टेकडी चढोत, आणि नव्वदीतही मला उलट उत्तर देण्याइतका तुमच्यात दम असो. आणि भाचीबाई, तुमच्या मावशींना आता जिना चढायला नको, म्हणून मी खालची खोली रिकामी करून ठेवली आहे. त्यांचा नियम तुम्हाला ठाऊक नसेल, तर तो वर लिहिला आहे.